कालव्याच्या काठाने, द्राक्षमळ्यांतून : सायकल-प्रवासाचा एक धडा

शेतीची पाहणी आगगाडीतून होत नाही, आणि पायी करावयाची म्हटली तर दिवस पुरत नाहीत. या दोहोंमधले वाहन म्हणजे सायकल होय. ताशी बारा-पंधरा किलोमीटर या बेताने जाणाऱ्या सायकलस्वारास जमिनीचा रंग दिसतो, चढउतार पोटऱ्यांस कळतो, पाणी कोठे वाहते व कोठे मुरते हे नजरेस पडते, आणि बांधावरील शेतकऱ्याशी दोन शब्द बोलण्यास खाली उतरणे सोपे जाते. सबब शेतकऱ्याने परमुलुखाची शेती समजून घ्यावयाची तर ती या वाहनाच्या वेगाने घ्यावी, असे आमचे मत आहे. या धड्यासाठी आम्ही फ्रान्स देशाच्या दक्षिण भागातील ‘कनाल द्यु मिदी’ हा कालवा निवडला आहे. तुलूझ शहरापासून भूमध्यसमुद्राजवळील तो नावाच्या खाजणापर्यंत त्याची लांबी सुमारे २४० किलोमीटर आहे. पूर्वी घोडे ज्या काठावरून चालत बोटी ओढीत, त्याच वाटेने आज देशोदेशीचे सायकलस्वार जातात. १९९६ साली युनेस्कोने या कालव्याची जागतिक वारशात गणना केली.

कालवा बांधणारा कोण?

पिएर-पॉल रिके हा काही शिकलेला स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हता. मिठावरील कराच्या वसुलीचा मक्ता त्याजकडे होता. आम्ही स्वतः महसूल खात्यात कारकुनी केली असल्याने हे वाचून आम्हांस विशेष कौतुक वाटले. गावोगाव हिंडणाऱ्या वसुली कामगाराने डोळे उघडे ठेवले तर त्यास मुलुखाचा उतार कळतो, याचे हे उदाहरण होय. १६६६ साली चौदाव्या लुई राजाने कालव्याचा हुकूम काढला, दुसऱ्या वर्षी काम लागले आणि १६८१ च्या मे महिन्यात कालवा खुला झाला. कामाच्या भरात सुमारे १२,००० मजूर एकाच वेळी खपत होते, त्यांत बायकाही होत्या. रिकेने स्वतःची दौलत यात घातली, डोईवर मोठे कर्ज करून घेतले, आणि कालवा खुला होण्यापूर्वी काही महिने, १६८० च्या ऑक्टोबरात, तो मरण पावला.

माथ्यावरचे पाणी

तुलूझहून निघालेला प्रवासी पहिले पन्नासेक किलोमीटर हळूहळू चढत नोरूझच्या खिंडीशी येतो. समुद्रसपाटीपासून ही जागा सुमारे १८९ मीटर उंच आहे. येथे पडलेल्या पावसाचा एक थेंब पश्चिमेस अटलांटिक महासागराकडे, तर दुसरा पूर्वेस भूमध्यसमुद्राकडे जातो. कालव्याचा सर्वांत उंच भाग हाच, आणि खरी अडचणही येथेच होती. बोट चढविण्या-उतरविण्यासाठी ठिकठिकाणी दोन दरवाजांचे हौद बांधलेले असतात. त्यांस लॉक म्हणतात. प्रत्येक वेळी लॉक उघडला की हौदभर पाणी खाली जाते. म्हणजे माथ्यावरून दोन्ही अंगांस सतत पाणी गळत राहणार, आणि माथ्यावर तर नदी नाही! रिकेने ‘काळा डोंगर’ या नावाच्या पर्वतातील ओढे पाटांनी एकत्र केले, सँ-फेरेओल येथे सुमारे ६० लक्ष घनमीटर पाणी साठविणारे धरण बांधले, आणि तेथून उताराने पाट काढून पाणी नोरूझच्या माथ्यावर आणून सोडले. पंप नाही, मोट नाही. सारे काम उताराने केले. आधी माथ्याच्या पाण्याची तजवीज व मग कालव्याची खोदाई, हा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा.

लॉकचा आकार पाहण्याजोगा आहे. आरंभी बांधलेल्या एका लॉकच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळल्या, तेव्हा रिकेने हौदास लंबगोल आकार दिला. आपली विहीर चौकोनी न बांधता गोल का बांधतात, त्याचेच हे उत्तर आहे. बेझिए शहराजवळ फाँसेरान येथे असे लॉक एकास एक जोडून पायऱ्या केल्या आहेत, व त्यांवरून बोट साडेएकवीस मीटर चढते-उतरते.

वाट, वारा व सामान

सारा प्रवास रोज पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर या मानाने पाच दिवसांत होतो. तुलूझपासून पहिला टप्पा पक्क्या वाटेचा आहे. पुढे मातीची वाट, झाडांची मुळे व खडी लागते, म्हणून धावा रुंद असाव्यात आणि ओझे पाठीवर न घेता मागील चाकाच्या दोन्ही अंगांस सारखे वाटून बांधावे. जुलै-ऑगस्टातील उन्हाळा टाळून मे-जून किंवा सप्टेंबर निवडावा. सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी चालू असते. अरुंद रस्त्यावर मालाने भरलेली गाडी समोर आल्यास प्रवाशाने उतरून वाट द्यावी. शेतकऱ्याचा तो वर्षाचा दिवस असतो.

वाऱ्याचीही ओळख असावी. वायव्येकडून येणारा ‘सेर’ कोरडा व जोरकस असतो. पूर्वेस जाणाऱ्यास तो पाठीशी घेतो आणि वेलीवरील दव वाळवून बुरशीस आळा घालतो. समुद्राकडून येणारा ‘मारँ’ दमट असतो. तो सुटला की सायकलस्वाराची छाती भरून येते आणि द्राक्षवाल्याच्या पोटात केवड्याच्या धास्तीने गोळा उठतो.

एका पिकाचा भरवसा

तुलूझच्या भोवतालची जमीन गहू व सूर्यफुलांची आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत येथे ‘पास्तेल’ नावाच्या झाडाच्या पानांपासून निळा रंग काढीत, व त्यावर तुलूझच्या सावकारांनी वाडे बांधले. पुढे देशात धर्मयुद्धे माजली आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या निळीने तो धंदा बसविला. आपल्याकडील एका पिकाने दूरदेशीचे एक पीक उठविले, आणि पुढे रसायनशाळेत तयार झालेल्या रंगाने आपल्या निळीचीही तीच गत केली.

वेल, कीड आणि भाव

कार्कासोनच्या पुढे द्राक्षांचे मळे दोन्ही काठांस लागतात. आपल्याकडील मांडव येथे नाही. जुन्या बागांत वेल बुटक्या झुडपासारखा राखलेला असतो, नव्या बागांत तो तारांवर चढविलेला दिसतो. हिवाळ्यात वेल झोपी जातो, म्हणून छाटणी एकदाच. आपल्या उष्ण हवेत वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात गोडी छाटणी करणे भाग पडते.

१८६३ च्या सुमारास या मुलुखाशेजारी वेल विनाकारण वाळू लागले. १८६८ साली माँपेलिएच्या प्लाँशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने सोबत्यांसह मुळे उकरून पाहिली, तेव्हा त्यांवर बारीक पिवळसर कीड सापडली. ती फायलोक्सेरा होय, आणि ती अमेरिकेतून आलेली होती. उपाय तीन निघाले. जमिनीत विषारी औषध घालणे खर्चाचे होते. हिवाळ्यात सुमारे चाळीस दिवस मळा पाण्याखाली बुडवून कीड मारणे हे सपाट व पाण्याजवळच्या जमिनीसच साधण्यासारखे होते. तिसरा व टिकाऊ उपाय म्हणजे अमेरिकन वेलाच्या खुंटावर देशी वेलाचे कलम बांधणे. आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलम करतात ते क्षार व पाण्याची टंचाई सोसण्यासाठी. परंतु युक्ती तीच आहे.

कीड हटली, पण दुसरे संकट त्यातूनच वाढले. मळे डोंगरउतार सोडून सपाटीवर आले, व तेथे भरघोस पण हलक्या प्रतीचा माल निघू लागला. त्यात अल्जीरियाचा माल आला, आणि साखर-पाणी घालून केलेले बनावट मद्यही बाजारात आले. भाव उत्पादनखर्चाखाली कोसळला. १९०७ च्या ११ मार्च रोजी कालव्याजवळच्या आर्जेलिए गावातून मार्सेलँ आल्बेर याच्या पुढारपणाखाली ८७ शेतकरी नार्बोनला गाऱ्हाणे मांडण्यास गेले. दर रविवारी सभा वाढत गेली, आणि ९ जून रोजी माँपेलिए येथे पाच लाखांवर लोक जमले असा अंदाज आहे. त्याच महिन्यात नार्बोन येथे सैन्याने गोळ्या झाडल्या व माणसे प्राणास मुकली. एका पलटणीच्या शिपायांनी, जे स्वतः याच शेतकऱ्यांची मुले होते, बंड केले. आल्बेर पॅरिसला मुख्य प्रधान क्लेमांसोस भेटण्यास गेला असता परतीच्या भाड्यासाठी त्याजकडून शंभर फ्रँक घेऊन आला, आणि तेवढ्यावरून लोकांचा त्याजवरील विश्वास उडाला.

२९ जून १९०७ च्या कायद्याने प्रत्येक द्राक्षवाल्याने वेलीखालील क्षेत्र, निघालेले मद्य व शिल्लक साठा यांची नोंद गावच्या कचेरीत करावी असे ठरले. मळ्याच्या मानाने ज्याचे मद्य फाजील निघाले त्याने साखर-पाणी घातले, हे मग आपोआप उघड होते. आपल्या पीकपाहणीच्या नोंदीस कंटाळवाणी समजणाऱ्यांनी हे आठवावे. खरी नोंद ही प्रामाणिक शेतकऱ्याची ढाल असते.

याच्याही आधी बेझिएजवळच्या मारोसाँ गावातील लहान शेतकऱ्यांनी १९०१ साली एकत्र विक्री सुरू करून १९०५ साली स्वतःचे सामाईक तळघर बांधले होते. पुढे अशी सहकारी तळघरे गावोगाव झाली. पुढारी एका दिवसात पडू शकतो. चोख हिशेबाची संस्था मात्र पिढ्या टिकते.

माँतादी आणि झाडे

बेझिएच्या अलीकडे सायकल उभी करून आँसेरूनच्या टेकडीवर अवश्य चढावे. खाली माँतादीचे वाळविलेले तळे दिसते. १२४७ साली खाजगी लोकांनी हे तळे उपसण्याचे ठरविले व पाणी मध्यभागी आणून टेकडीखालील बोगद्याने काढून दिले. सर्व चर मध्याकडे धावत असल्याने शेते सूर्यकिरणांसारखी निमुळती झाली आहेत. असा मोजणी-नकाशा आम्ही उभ्या नोकरीत पाहिला नाही. त्याच टेकडीखालून कालवा जातो आणि रेल्वेही जाते.

कालव्यास सावली देणारी सुमारे ४२,००० चिनार जातीची झाडे होती. २००६ साली कार्कासोनजवळ त्यांवर बुरशीचा रोग आढळला. ही बुरशी मुळांतून, पाण्यातून, बोटींच्या घासण्यातून व छाटणीच्या हत्यारांतून पसरते. औषध नसल्याने हजारो झाडे तोडून जाळावी लागली. नवी लागवड आता अनेक जातींची मिसळून करतात. एका जातीच्या रांगेत एक रोग शिरला की रांग संपते. आणि कात्री निर्जंतुक न करता एका वेलावरून दुसऱ्या वेलावर नेणारा माळी रोगाचा वाहक होतो.

आपले कर्तव्य

हा धडा वाचून कोणी फ्रान्सला जावे असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येकाच्या गावाजवळ एखादा कालवा किंवा चारी असते. एक दिवस सायकल काढून तिच्या मुखापासून शेपटापर्यंत जावे, आणि वहीत पाच रकाने आखावे : ठिकाण, उतार, गळती, दारांची स्थिती, काठचे पीक. मुखाशी ऊस डुलतो व शेपटाशी विहीर कोरडी, हे कोणत्याही अर्जापेक्षा ती वही स्पष्ट सांगेल. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरच्या शेपटाकडील शेतकऱ्यांनी १९९० च्या सुमारास पाणी वापर संस्था काढल्या. जेथे पाणी पोहोचत नव्हते तेथे ते मोजून पोहोचू लागले, आणि आज त्या भागात द्राक्षांच्या बागा उभ्या आहेत. २००५ च्या कायद्याने अशा संस्थांस राज्यभर आधार मिळाला आहे.

रिके मक्तेदार होता, माँतादीचे लोक साधे जमीनधारक होते, मारोसाँचे लहान शेतकरी होते. पाण्याचा उतार व हिशेबाचा खरेपणा या दोन गोष्टी ज्याने ओळखल्या, त्याचे काम टिकले. पुढील सभेस येणाऱ्या सभासदांनी आपापल्या चारीची अशी एक वही बरोबर आणावी, एवढीच आमची विनंती आहे.