न्यूट्रल सापडत नाही? आधी क्लच बघा

वडप्याला मुंबई-नाशिक महामार्गावर सगळी वाहतूक एकत्र येते. गोदामांत जाणारे कंटेनर, नाशिककडून येणारे ट्रक आणि शेजारच्या आमण्याला समृद्धी महामार्गावरून उतरलेल्या गाड्या. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. दुचाकीला त्यावर प्रवेश नाही, त्यामुळे बाइकवाल्याच्या नशिबी जुनाच रस्ता आणि त्यावरची रांग. ठाण्यात माजिवड्यापर्यंत हाफ क्लचवर गाडी सरकवत नेली की क्लच तापतो आणि नेमकं थांबायच्या वेळी न्यूट्रल हुलकावणी देतो. वर उचलला की थेट दुसरा, खाली दाबला की पुन्हा पहिला. डाव्या हाताची बोटं मात्र लिव्हरवरून सुटत नाहीत.

तक्रार गिअरची वाटते, पण खोट बहुतेक वेळा क्लचमध्ये असते. ‘एक खाली, बाकी वर’ अशा गाडीत पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मधे, खटक्याच्या अर्ध्यावर न्यूट्रल असतो. क्लच दाबूनही प्लेटा पूर्ण सुटल्या नाहीत, तर इंजिन गिअरच्या शाफ्टला ढकलतच राहतं. एकमेकांत अडकलेले दात त्या दाबाखाली सहज सरकत नाहीत. मग आपण पायाने जोर करतो आणि त्या जोरात गिअर न्यूट्रल ओलांडून पुढे जातो. म्हणून तपासणी हाताच्या लिव्हरपासून सुरू करायची आणि इंजिनच्या आत सगळ्यात शेवटी शिरायचं.

लागणारं सामान: पान्यांचा सेट, पट्टी, पातळ तेल, चिंधी आणि गाडीचं मॅन्युअल. गाडी सपाट जागेवर, डबल स्टँडला.

१. आधी निदान करा. इंजिन बंद करून पहिला गिअर टाका. क्लच दाबून गाडी थोडी मागेपुढे हलवा आणि गिअर लिव्हर अलगद वर उचला.
- इंजिन बंद असताना न्यूट्रल पडतो, चालू असताना नाही: क्लच पूर्ण सुटत नाही. पायरी २ पासून सुरुवात करा.
- इंजिन बंद असूनही आणि गाडी हलवूनही पडत नाही: पायरी ४ कडे जा, मग ७.
- न्यूट्रल पडतो पण हिरवा दिवा लागत नाही: न्यूट्रल स्विच किंवा त्याची वायर बघा, गिअरबॉक्सला हात लावू नका.

आणखी एक खात्री करून घ्या. मोकळ्या जागेत गाडी स्टँडवरून काढून तिच्यावर बसा, पुढचा ब्रेक धरून इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबून पहिला टाका आणि ब्रेक हळूच सोडा. क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे ओढत असेल, तर क्लचच दोषी.

२. क्लचचा प्ले तपासा. लिव्हर दाबायला सुरुवात केल्यावर वायरला ताण येईपर्यंत त्याचं टोक किती फिरतं, ते पट्टीने मोजा. बऱ्याच शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत हे अंतर १० ते २० मिलिमीटर असतं. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. प्ले जास्त असेल तर लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबूनही प्लेटा अर्ध्याच सुटतात.

प्ले कमी करायला लिव्हरजवळचा अॅडजस्टर आधी पूर्ण आत फिरवा. मग इंजिनकडच्या टोकाचा लॉक नट ढिला करून तिथे मोठी दुरुस्ती करा, बारीक दुरुस्ती पुन्हा लिव्हरजवळ. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून प्ले बदलत नाही ना, ते बघा. प्ले शून्यावर मात्र आणू नका. तसं केलं तर क्लच घसरत राहतो आणि प्लेटा जळतात.

क्लचचा लिव्हर काढून वायरचं बोंड जिथे बसतं ती जागा चिंधीने पुसा आणि जवळून बघा. एखादी तार तुटून केसासारखी बाहेर आली असेल, तर वायर बदला. ती उरलेल्या तारांवर आज चालेल, पण घाटात दगा देईल. वायर चांगली पण जड चालत असेल, तर वरच्या टोकातून पातळ तेलाचे काही थेंब सोडा.

३. स्लो सेट करा. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. अनेक गाड्यांत तो १,४०० आरपीएमच्या आसपास असतो. स्लो वाढलेला असेल तर शाफ्टवरचा जोरही वाढतो. इंजेक्शनच्या गाडीत बहुधा स्क्रू नसतो. तिथे कारण मेकॅनिकला शोधू द्या.

४. गिअर लिव्हर बघा. गाडी कधी डाव्या बाजूला पडली असेल, तर लिव्हर वाकून कव्हरला घासतो आणि खटका अर्धाच बसतो. शाफ्टवरचा बोल्ट ढिला असला तरी तेच. पावसाळ्यात गमबूट घालत असाल, तर लिव्हर आणि फूटरेस्टमध्ये बूट अडकत नाही ना, हेही तपासा.

५. ऑइल. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. ऑइल जुनं, ठरल्यापेक्षा घट्ट किंवा जास्त भरलेलं असेल, तर प्लेटा एकमेकींना चिकटतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं ऑइल घ्या. कारचं ऑइल टाकू नका.

६. चेन. इंजिन बंद ठेवून चेन खालच्या भागाच्या मध्यावर बोटाने वर-खाली करा. बऱ्याच गाड्यांत ही हालचाल २० ते ३० मिलिमीटर असायला हवी. मागचं चाक हाताने फिरवत, चेन सगळ्यात ताठ लागते तिथे मोजा. फार ताठ चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टला सतत ओढून धरते आणि खटका जड होतो.

७. आता मेकॅनिक. एवढं करूनही फरक पडला नाही, तर वाकलेल्या प्लेटा, दात खाल्लेलं क्लच हाउसिंग किंवा गिअर ड्रमला जागेवर धरणारी स्प्रिंग बघावी लागेल. ते घरचं काम नाही.

रांगेत अडकलात तर: गाडी पूर्ण थांबायच्या आधी, चाक फिरत असतानाच दुसऱ्यावरून हलकेच न्यूट्रलला या, तेव्हा दात मोकळे असतात. थांबल्यावर पडत नसेल तर क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा आणि लिव्हर बुटाच्या टोकाने अलगद उचला. हिरवा दिवा लागला तरी क्लच हळूच सोडा. तरी जमलं नाही तर इंजिन बंद करा, गाडी जराशी हलवा, न्यूट्रल पाडा. जुन्या, उजव्या पायाच्या गिअरच्या बुलेटला यासाठी वेगळा लिव्हरच होता. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यात असताना क्लच धरून तो टाचेने दाबला की थेट न्यूट्रल. आजच्या गाड्यांत ते काम आपल्या पायालाच करावं लागतं.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गिअरबॉक्स खराब आहे’ असं म्हणू नका. ‘इंजिन गरम झाल्यावर, चालू असतानाच न्यूट्रल पडत नाही, बंद केलं की पडतो, प्ले आणि ऑइल बघून झालं’ असं सांगा. मग मेकॅनिक आधी क्लचचं कव्हर उघडेल आणि पूर्ण इंजिन खाली उतरवायचा खर्च बहुधा वाचेल.