चिंचोके मुलांनाच घासू दे

कासुर्डी, ता. दौंड

चि. बाळ,


अंगणवाडी सेविकेची ऑर्डर हातात पडल्याचं वाचून फार बरं वाटलं. पावसाळ्यात मुलं चार भिंतींत कोंडली जाणार, तर घरच्या टाकाऊ वस्तूंचे कोणते खेळ करून ठेवू, असं तू विचारलंस. माझं पहिलं सांगणं हेच, की तू काहीही करून ठेवू नकोस. सामान तेवढं जमव, धुऊन वाळवून ठेव आणि करायचं काम मुलांवर सोड.

चल्लस-आठच्या खेळाचंच घे. चार चिंचोके लागतात. चिंचोका खरबरीत दगडावर घासला की वरचं तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग दिसतो. एक बाजू पांढरी, एक काळी, झाला फासा. आपण बायका तो पटकन घासून टाकतो आणि मुलांपुढे तयार ठेवतो. तसं करू नकोस. पाच वर्षांच्या पोराच्या हातात एक चिंचोका दे आणि नुसती बघत बस. दोन बोटांच्या चिमटीत तो धरवत नाही, निसटतो, पुन्हा शोधून आणायचा. घासता घासता पोर दर थोड्या वेळानं उलटून बघतं, अंगठ्यानं चाचपतं, शेजारच्याचा किती झाला ते डोकावून बघतं. पहिला पांढरा ठिपका दिसला की आख्ख्या खोलीला दाखवून येतं. पुढे पेन्सिल धरायला जी चिमूट लागते, ती इथे तयार होते. चिंचोका तू घासलास तर ही सगळी मेहनत तुझ्याच बोटांना मिळणार.

मग खेळ. जितके पांढरे वर, तितकी घरं पुढे. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा डाव. पाटाला पाच ओळींत पाच-पाच मिळून पंचवीस घरं. लहानांना एकेकच सोंगटी दे, सोंगटी मारायचा नियम सुरुवातीला ठेवू नकोस. थोड्या दिवसांत तीच म्हणतील की आता मारायचं. नियम त्यांनी भांडून ठरवला, तर ती तो पाळतात.

पाट काढायला जुना फ्लेक्स माग. वाढदिवसाचे नि निवडीचे फ्लेक्स प्रत्येक गावात चौकाचौकांत लागतात आणि नंतर गोठ्यावर नाहीतर सरपणावर पडतात. त्याची मागची बाजू कोरी असते. मोठी घरं आखलीस तर सोंगट्यांऐवजी मुलंच घराघरांतून उड्या मारत जातील. फ्लेक्स ओल्या फरशीवर सरकतो, तेवढं सांभाळ.

लग्नसराईनंतर घराघरांत पत्रिका साठतात. तो पुठ्ठा चांगला जाड असतो. प्रत्येक पत्रिकेचे वेडेवाकडे दोन तुकडे करायचे, सगळे मिसळायचे आणि जोड्या लावायच्या. रंग, वेलबुट्टी, कापाची कड, सगळं बघावं लागतं. गणपतीचं चित्र मात्र आधी कापून वेगळं ठेव. ते पायाखाली आलेलं लोकांना खपणार नाही आणि त्यांचं बरोबरच आहे.

टाकाऊ वस्तूंचे खेळ ही गरिबीची तडजोड आहे असं मनात आणू नकोस. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर आणायची कुठून? ताराबाई आणि अनुताई वाघांनी खडे, शंख-शिंपले, बिया, पानं-फुलं यांतूनच साधनं उभी केली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तू आज जिथे काम करतेस, त्या अंगणवाडीची कल्पना तिथली. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर, 1975 मध्ये आली.

मोठ्या भावंडांसाठी अरविंद गुप्तांची पुस्तकं बघ. पुण्याच्या टेल्कोत इंजिनिअर असलेल्या या माणसानं सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार केले. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या विज्ञानसंस्थेत त्यांनी कचऱ्यातून खेळणी करण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट मिळतात.

आता जिथे डोळ्यांत तेल घालायचं, ते सांगते. फवारणीच्या औषधाची बाटली, झाकण, पिशवी, काहीही अंगणवाडीच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये, कितीही धुतलेली असली तरी. आयांना हे पहिल्याच बैठकीत बजाव. पत्र्याची बुचं आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे नकोत. कडेवरची धाकटी भावंडं हाताला लागेल ते तोंडात घालतात, म्हणून खेळ संपला की चिंचोके मोजून डब्यात गेले पाहिजेत. मोजायचं काम मुलांनाच दे. आमच्याकडे तुकोबांची पालखी यवतला गेली की हायवेच्या कडेला पाण्याच्या बाटल्यांचा खच पडतो. तसल्या रस्त्यावरच्या बाटल्या मुलांसाठी उचलू नकोस, लागल्या तर घरच्या स्वच्छ बाटल्या माग.

पर्यवेक्षिका मॅडमची भेट ठरली की भिंतीवर टांगायला सुबक वस्तू कराव्याशा वाटतील. एखादी कर. पण मुलांनी केलेली वाकडी, डिंकानं बरबटलेली पुठ्ठ्याची खोकी तिच्या शेजारीच ठेव. अंगणवाडीच्या संचातली खेळणी मोडतील म्हणून तू ती कपाटात जपून ठेवलीस, असं लिहितेस. बाहेर काढ ती. आणि पुठ्ठ्याचं खेळणं तर मोडण्यासाठीच असतं. मोडलं, तर ते आत कसं होतं हे कळतं आणि दुसरं करता येतं. ज्या खेळण्याला हात लावायला मूल घाबरतं, ते खेळणं शोभेचं.

दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबं येतील. कोपीवरच्या, म्हणजे त्यांच्या झोपड्यांतल्या मुलांना हाक मारून आत घे. त्यांना त्यांच्या गावाकडचे खेळ विचार आणि आपल्या मुलांना ते शिकवायला लाव.

चिंचोके इथे पुष्कळ आहेत, पुढच्या एस.टी.नं येणाऱ्याबरोबर शेरभर पाठवते. न घासलेलेच.

तुझी,
आत्या