रिकामं पान : निरीक्षणगृहातून परतलेलं मूल आणि आपली शाळा



आजचा लेख एका कोऱ्या पानापासून सुरू करते. दिवाळीची सुट्टी संपली की आपण सगळेच एक ठरलेला निबंध देतो, ‘मी सुट्टीत काय केले?’ मीही नववीच्या वर्गाला तोच दिला होता. चाळीस-बेचाळीस वह्यांत किल्ला, फराळ, मामाचा गाव आलं. एका वहीत मात्र फक्त शीर्षक होतं आणि खाली कोरं पान. मी त्या मुलाला वर्गासमोर उभं केलं आणि म्हटलं, “एवढ्या सुट्टीत काहीच केलं नाहीस का रे?” तो खाली बघत राहिला.

नंतर कळलं की सुट्टीतले जवळपास तीन आठवडे तो निरीक्षणगृहात होता. एका भांडणात त्याचं नाव आलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्याच्या वडिलांना शाळेत बोलावलं गेलं आणि दाखला हातात दिला गेला. सोडून जाण्याचं कारण लिहिलं ‘पालकांच्या विनंतीवरून’ आणि वर्तणूक ‘चांगली’! वर्गशिक्षक म्हणून त्या दाखल्यावर माझीही सही आहे. मुलगा दहावीला बसलाच नाही. (त्याची ओळख पटेल असे सगळे तपशील मी मुद्दाम गाळले आहेत. का ते पुढे येईलच.)

त्यानंतर मी काही वर्षं सुट्टीच्या दिवशी एका निरीक्षणगृहात शिकवायला जात होते. तिथे जे उमगलं, ते आज तुमच्यापुढे मांडते.

आधी शब्द नीट समजून घेऊ

बोलताना आपण सरसकट ‘रिमांड होम’ किंवा ‘बालसुधारगृह’ म्हणतो. पण बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये वेगवेगळ्या जागा सांगितल्या आहेत.

१. निरीक्षणगृह – चौकशी चालू असताना मुलाला तात्पुरतं ठेवण्याची जागा. इथल्या मुलावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नसतो.
२. विशेष गृह – चौकशीत दोष आढळल्यावर बाल न्याय मंडळाच्या आदेशाने ठेवण्याची जागा. इथला मुक्काम जास्तीत जास्त ३ वर्षांचा.
३. सुरक्षित स्थान – वय १८ च्या पुढे गेलेल्या किंवा गंभीर प्रकरणातल्या १६ ते १८ वयाच्या मुलांसाठी.
४. बालगृह – अनाथ, हरवलेल्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी. यांचा गुन्ह्याशी काहीही संबंध नसतो.

महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी निरीक्षणगृह आणि बालगृह एकाच आवारात असतात. त्यामुळे घरातून पळून आलेलं किंवा आई-वडील नसलेलं मूलसुद्धा गावाच्या तोंडी ‘रिमांडमधलं’ होऊन बसतं. कायदा ‘गुन्हेगार’ हा शब्द वापरत नाही, ‘विधी संघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जड आहे खरा, पण मूल कायद्याच्या कचाट्यात सापडलंय एवढंच तो सांगतो. मूल वाईट आहे असं म्हणत नाही.

मुक्काम थोडा, म्हणून पाठही छोटा

आपल्याला वाटतं ही मुलं वर्षानुवर्षं आत असतात. तसं नाही. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामीन देणं हाच कायद्यातला सर्वसाधारण नियम आहे. जामीन नाकारायचा तर मुलाला धोका आहे, तो वाईट संगतीत सापडेल किंवा न्यायाला बाधा येईल, असं ठोस कारण लागतं. चौकशी ४ महिन्यांत संपवायची असते आणि ती आणखी २ महिने वाढवता येते. त्यामुळे वर्गात आज बसलेला मुलगा उद्या असेलच, याचा भरवसा नसतो.

पहिल्या महिन्यात मी आपल्या सवयीने घटक नियोजन केलं. सोमवारपासून अपूर्णांक, पुढच्या आठवड्यात दशांश. दुसऱ्या आठवड्यात वर्गातले निम्मे चेहरे नवे! शिवाय एकाच सतरंजीवर दुसरीचंही न वाचता येणारा आणि दहावीची तयारी करणारा शेजारी शेजारी. मग मी एकच नियम केला : आज सुरू केलेलं आज संपलं पाहिजे. मूल उठून जाताना त्याच्या हाताशी पुरं झालेलं काहीतरी हवं. उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

* पातळी आधी पाहा, इयत्ता नंतर. अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट असे चार कागद ठेवा. एकेकट्याला जवळ बोलावून वाचून घ्या. सोळा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर अडखळत वाचायला लावू नका.
* वाचनासाठी पहिलीचं पुस्तक देऊ नका. मिसरूड फुटलेल्या मुलाला ‘कमळ बघ’ वाचायला लाज वाटते. सोपी पण मोठ्यांची वाक्यं द्या : एसटीचं वेळापत्रक, क्रिकेटची बातमी, मोबाइल रिचार्जचा कागद.
* गणित त्यांच्या कामातून आणा. यातली बरीच मुलं कुठे ना कुठे काम करून आलेली असतात. वडापावच्या गाडीचा दिवसाचा हिशोब, रंगकामाची मजुरी, नफा-तोटा. तोंडी हिशोबात ती आपल्याला हरवतात. तेच कागदावर कसं मांडायचं, एवढंच आपण शिकवायचं.
* साहित्य बदला. कर्कटकासारखी टोकदार वस्तू आत नेता येत नव्हती. मग दोरा आणि पेन्सिलीने वर्तुळ काढलं. त्रिज्या म्हणजे काय, ते दोऱ्यामुळे जास्त पक्कं कळलं.
* पत्रलेखन हा सगळ्यात चांगला धडा. आईला काय लिहायचं आहे ते मूल सांगतं, आपण फळ्यावर शब्द देतो. पत्र पूर्ण होतंच.
* ‘काय केलंस?’ हा प्रश्न विचारू नका. तो मंडळाचा विषय आहे. आपला प्रश्न एकच : “कितवीपर्यंत शिकलास आणि शाळेत काय आवडायचं?”

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करायचा असतो आणि त्यात शिक्षणाची गरजही नोंदवायची असते. परिविक्षा अधिकारी भेटले, तर मुलाने काय वाचलं, कुठे अडलं, हे दोन ओळींत लिहून द्या. पुढच्या शिक्षकाला पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करावी लागत नाही.

खरी परीक्षा बाहेर

आतलं शिक्षण कितीही चांगलं केलं तरी ते काही दिवसांचं. मूल परत येतं ते आपल्याच शाळेच्या फाटकाशी.

शिक्षण हक्क कायदा, २००९ वय वर्षे ६ ते १४ साठी आहे. या वयात प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, उशिरा आलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसरीकडे बाल न्याय कायदा १८ वर्षांपर्यंत मूल मानतो. पण कायद्याच्या कचाट्यात सापडणाऱ्या मुलांतला मोठा भाग १६ ते १८ वयाचा असतो. म्हणजे शाळेत टिकण्याचा हक्क १४ ला संपतो आणि दहावी नेमकी त्यानंतर येते! त्या मधल्या वर्षांत मुलाला धरून ठेवते ती मुख्याध्यापकांची आणि वर्गशिक्षकाची इच्छा. माझी ती त्या दिवशी नव्हती, हे मला आजही टोचतं.

म्हणून शिक्षकांना कळकळीने सांगते :

१. हजेरीपटावरून नाव घाईने कमी करू नका. काही आठवड्यांची गैरहजेरी आजारपणातही होते.
२. ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहिण्याआधी विनंती खरोखर कुणाची आहे, ते स्वतःला विचारा.
३. मूल परत आलं की स्टाफरूममध्ये चर्चा नको. विधी संघर्षग्रस्त मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो प्रसिद्ध करायला कलम ७४ ने बंदी आहे. त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी पुढे ढकलतानाही हे लक्षात ठेवा.
४. बुडालेला अभ्यास वर्गासमोर नाही, मधल्या सुट्टीत एकट्याला द्या.
५. शाळा सुटलीच असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. सतरा नंबरच्या फॉर्मसाठी शाळेचा दाखला लागतो. तो अडवून ठेवू नका आणि पालकांना फॉर्म भरायला मदत करा.

पालकांच्या मनात एक प्रश्न असतोच : “माझ्या मुलाच्या शेजारी असा मुलगा कशाला?” भीती समजू शकते, मीही आई आहे. पण तो मुलगा वर्गातून गेला म्हणून गावातून जात नाही. तो नाक्यावर उभा राहतो, आणि तिथे त्याला वही कुणी देत नाही. आणि ज्यांच्या मुलावर ही वेळ आली आहे, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं : या कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलाला त्यामुळे पुढे कुठलीही अपात्रता येत नाही. अत्यंत गंभीर प्रकरणांत मोठ्यांप्रमाणे खटला चाललेली १६ वर्षांवरची मुलं एवढाच याला अपवाद. प्रकरण बंद झाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते. कायदा पाटी कोरी करतो. आपण तिच्यावर जुनंच गिरवत बसू नये.

आता दिवाळीनंतर मी तो निबंध देत नाही. ‘मला आवडलेली एक गोष्ट’ असा विषय देते. कुठूनही आलेल्या मुलाला त्यावर चार ओळी लिहिता येतात. आणि तरी एखादं पान कोरं आलंच, तर वही मिटते आणि मधल्या सुट्टीत त्या मुलाशेजारी जाऊन बसते.

तुमच्या वर्गात असं एखादं कोरं पान आलं आहे का? तेव्हा तुम्ही काय केलंत, नक्की कळवा. मुलाचं नाव मात्र लिहू नका.