सीटवरची बुरशी आणि खोबरेल

प्रश्न : पावसाळ्यात गाडी महिनाभर उभीच होती. लेदर सीटवर पांढरी बुरशी आलीय. खोबरेल चोळू का?
– एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : खोबरेल डोक्यालाच लावा! गाडीच्या लेदरवर बहुधा रंगाचा आणि संरक्षक थर असतो. तेल आत मुरत नाही, वर चिकट राहून धूळ धरतं. घाबरू नका, अशी बुरशी बहुतेकदा वरवरचीच असते. मास्क लावून, दारं सताड उघडी ठेवून कोरड्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या. मग लेदर क्लीनरचा फेस मऊ ब्रशनं शिवणींत फिरवा, पण आधी एखाद्या झाकल्या कोपऱ्यात लावून बघा. पूर्ण वाळल्यावर कंडिशनरचा पातळ हात. भेगा मात्र त्यानं भरत नाहीत. ते काम कारागिराचं. आणि सीट रेक्झिनची निघाली, तर कंडिशनरचे पैसे वाचले.