हात वर न करता दिलेलं उत्तर

‘समजलं का?’ सर विचारतात. अख्खा वर्ग एका सुरात ‘येस सर!’ म्हणतो. फळा पुसला जातो आणि गाडी पुढच्या टॉपिककडे निघते. मित्रमैत्रिणींनो, त्यातले खरे ‘येस’ किती, हे आपल्याला परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलवर कळतं!

हाच अनुभव हार्वर्डलाही आला होता. तिथले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मेझर यांना वाटायचं, आपण उत्तम शिकवतो. मुलं अवघड गणितं सोडवतही होती. पण 1990 मध्ये त्यांनी न्यूटनच्या नियमांवरचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले आणि बऱ्याच जणांची दांडी गुल झाली. सूत्रं पाठ, पण कल्पना कच्ची! मग 1991 पासून त्यांनी लेक्चरची पद्धतच बदलली. तिचं नाव ‘पीअर इन्स्ट्रक्शन’.

पद्धत सोपी आहे. थोडं शिकवून झालं की पर्याय असलेला एक प्रश्न द्यायचा. प्रत्येकाने न बोलता, स्वतः विचार करून मत द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्के असतील, तर सरांनी उत्तर सांगायचं नाही. मुलांनी शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. बरोबर उत्तरं त्याहून कमी असतील तर मुद्दा परत शिकवायचा, जास्त असतील तर थोडक्यात समजावून पुढे जायचं.

मत नोंदवायला आधी कार्डं होती, मग क्लिकर आले. क्लिकर म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखं छोटं यंत्र. बटण दाबलं की सिग्नल सरांच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या रिसीव्हरकडे जातो आणि पडद्यावर आलेख उमटतो. आता हे काम मोबाइलवरही होतं. ‘प्लिकर्स’मध्ये तर मुलांकडे मोबाइलही लागत नाही. प्रत्येकाकडे वेगळ्या नक्षीचं छापील चौकोनी कार्ड असतं. जी बाजू वर, ते आपलं उत्तर. सर फक्त स्वतःचा फोन वर्गावरून फिरवतात.

फर्स्ट इयरला मेकॅनिक्सच्या लेक्चरला आमच्या सरांनी अशीच कार्डं वाटली. प्रश्न होता: एसटी आणि स्कूटीची टक्कर झाली, तर जास्त फोर्स कोण कोणावर लावतं? मी झटकन ‘एसटी’ दिलं. पडद्यावर वर्ग जवळजवळ अर्धा-अर्धा. सर म्हणाले, ‘शेजाऱ्याशी बोला, कुठल्याही भाषेत.’

शेजारी माझी रूममेट होती, तालुक्याच्या मराठी शाळेतून आलेली. ती म्हणाली, ‘अगं, बल दोघांवर सारखंच. स्कूटीचं वस्तुमान कमी, म्हणून तिचं त्वरण जास्त. म्हणून तिचाच चुराडा होतो.’ मी कॉन्व्हेंटची. ‘त्वरण’ म्हणजे ॲक्सिलरेशन, हे मला तिनेच सांगितलं. पण मुद्दा लख्ख समजला! दुसऱ्या वेळी मी कार्ड फिरवलं.

खरं सांगू? मला त्या दिवशी लाज वाटली. ती दोन महिने वर्गात एक शब्द बोलली नव्हती, कारण इंग्रजीत चुकू ही भीती. आणि मी फाडफाड बोलते, म्हणून मला सगळं येतं असं सगळ्यांना वाटायचं. मलासुद्धा! कार्डाला मात्र ॲक्सेंट नसतो.

हा नुसता हुशार मुलाची कॉपी करण्याचा प्रकार नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या जेनेटिक्सच्या वर्गावरचा अभ्यास 2009 मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात आला. त्यात दिसलं, की गटात सुरुवातीला कोणालाच उत्तर येत नसलं तरी चर्चेनंतर समज वाढते.

अर्थात, नुसतं यंत्र आणून भागणार नाही. व्याख्या विचारणारा प्रश्न असेल तर चर्चा होणारच नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापले तर मुलं शेजारचं कार्ड बघतील. आणि मत घेऊन सर तसेच पुढे गेले, तर ते ‘येस सर’च झालं, फक्त बटणाचं!

सिलॅबस मोठा आहे, वेळ कमी आहे, हे मान्य. पण सर-मॅडम, एका लेक्चरला एकच प्रश्न? क्लिकर नसले तर आम्ही वहीच्या पुठ्ठ्याची ए, बी, सी, डी कार्डं कापून आणू. आणि मित्रांनो, तोपर्यंत स्टडी रूममध्ये शेजारच्याला विचारा, ‘तुझं उत्तर काय? आणि का?’ त्या ‘का’मध्येच खरी गंमत आहे.