अंधारातील धडपड

गंगेच्या खोऱ्यातील ओढ्यांत, संथ डबक्यांत आणि भाताच्या खाचरांत एक इवलासा मासा आढळतो. पूर्ण वाढ झाली तरी त्याची लांबी ४ सेंटिमीटरांच्या आसपासच भरते. रुपेरी अंगावर शेपटापर्यंत गेलेले गडद निळे पट्टे असल्यामुळे त्याला झेब्रा मासा हे नाव मिळाले. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांविषयी लिहिलेल्या व १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे.

या माशाचे अंडे काचेसारखे पारदर्शक असते. दोन-तीन दिवसांत त्यातून पिलू बाहेर पडते. प्रारंभी ते बहुधा स्वस्थ पडून असते. पोटाशी असलेल्या बलकावर त्याचे पोषण होते. पाचव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या वाताशयात हवा भरलेली असते व ते मोकळेपणी पोहू लागते. या वेळी ते जेमतेम ४ मिलिमीटर लांब असते. जन्माबरोबर मिळालेली शिदोरी संपत आलेली असते आणि भरविण्यास आईबाप जवळ नसतात. पाण्यातील सूक्ष्म जीव डोळ्यांनी हेरून त्याला स्वतःच पोट भरावे लागते. प्रकाश गेला, की भक्ष्य दिसेनासे होते. या चिमुकल्या जीवाला प्रकाशाचे मोल एवढे मोठे आहे!

अशी पिले शास्त्रज्ञ ९६ खळगे असलेल्या तबकडीत, एका खळग्यात एक याप्रमाणे ठेवतात. माशांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या साहाय्याने कॅमेरा अंधारातही त्यांची हालचाल टिपतो. दिवा मालवताच पिलू अंग धनुष्यासारखे वाकवून झटकन दिशा बदलते. पुढे काही मिनिटे ते नेहमीपेक्षा अधिक पोहते आणि अंधार तसाच राहिला, तर हळूहळू शांत होते. दिवा पुन्हा लागला, की ते क्षणभर दचकते. मग त्याची हालचाल एकदम मंदावते व काही वेळाने पूर्ववत होते.

पाहणाऱ्याला अंधारातील ही धावपळ भीतीची वाटेल. परंतु दूर एखादा प्रकाशाचा ठिपका ठेवला, तर पिले त्याच्याकडे वळतात. ठिपकाही नसेल, तर ती इतस्ततः फिरतात. फिरता फिरता उजेडाची जागा सापडली, की गती मंदावते व ती तेथेच रेंगाळतात. म्हणजे ही धडपड प्रकाशाच्या शोधासाठी असावी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर डोळे नसलेली पिलेही अंधार होताच अधिक हालचाल करतात, असे दिसून आले. त्यांच्या मेंदूत खोलवर असलेल्या काही पेशींनाच प्रकाशाची जाणीव होते!

या साध्या निरीक्षणाचा मनुष्यालाही उपयोग होतो. पिलाच्या दृष्टीत किंवा मेंदूत बिघाड असेल, तर हालचालींचा हा क्रम बदलतो. पाण्यात एखादे औषध वा विषारी द्रव्य मिसळले, तरी तो बदलू शकतो. त्यावरून त्या द्रव्याच्या परिणामाचा अंदाज बांधता येतो. नखाच्या टोकावर मावेल एवढा हा जीव; पण काळोख पडताच तो हातपाय गाळून बसत नाही, उजेड शोधावयास निघतो.

स्वाध्याय
१. पाचव्या दिवसानंतर पिलाला प्रकाशाची गरज का भासते?
२. दिवा मालवल्यावर व पुन्हा लावल्यावर पिलाच्या हालचालीत कोणते बदल होतात?
३. ‘ही धडपड प्रकाशाच्या शोधासाठी असावी’, असे कशावरून म्हणता येते?
४. वाक्यांत उपयोग करा : हातपाय गाळणे, दिसेनासे होणे.