चकचकीत, तरी अ‍ॅनालॉग!

चकाकणारी तबकडी दिसली की आपण ती डिजिटलच धरतो. लेझरडिस्क मात्र वेगळी. १९७८ साली अमेरिकेत आलेली ही ३० सें.मी.ची तबकडी लेझरनेच वाचली जाते. पण तिच्यातल्या खड्ड्यांची लांबी आणि अंतर सलग बदलत जातं. चित्र एफ.एम. सिग्नलच्या रूपात असतं, ० आणि १ मध्ये नव्हे!

जुन्या तबकड्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या थराचं ऑक्सिडीकरण होतं नि पडद्यावर ठिपके उमटतात. संग्राहक याला ‘लेझर रॉट’ म्हणतात. त्यात पायोनियरने २००९ मध्ये प्लेअर बनवणंच थांबवलं.

म्हणून संग्रह करणाऱ्यांना माझं एकच सांगणं: आधी चालू प्लेअर मिळवा, तो दुरुस्त करायला शिका, तबकड्या नंतर. वाचणारं यंत्रच गेलं, तर हातात उरते नुसती चकचकीत थाळी.